पदरमोड करणारा नट : जॉन कॅसावेट्सबद्दल वाचकांचे प्रश्न

नट म्हणून हॉलिवूडमध्ये कमवायचं आणि ते सगळं आपल्याच सिनेमात घालवायचं, असा उफराटा व्यवहार जॉन कॅसावेट्सने (1929–1989) सुमारे तीस वर्षं केला. त्याच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : कॅसावेट्सच्या सिनेमांना संहिताच नसायची, नट आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे खरं आहे का?

एका सिनेमापुरतं खरं, आणि तेही अर्धंच. ‘शॅडोज’ हा त्याचा पहिला सिनेमा संपताना पडद्यावर पाटी येते, तिचा अर्थ असा की तुम्ही आत्ता पाहिलेला चित्रपट म्हणजे एक इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी रचलेलं काम, होतं. ती पाटी कॅसावेट्सला जन्मभर चिकटली. 1957 साली या सिनेमाचं पहिलं चित्रीकरण झालं तेव्हा नटांना पात्रं, त्यांची आपसातली नाती आणि प्रसंग एवढंच दिलेलं होतं, वाक्यं नव्हती. पण 1959 मध्ये मोठा भाग नव्याने चित्रित केला गेला आणि त्या खेपेला बरंच काही लिहून आणलेलं होतं. म्हणजे पाटी आली तीही बऱ्यापैकी लिहिलेल्या सिनेमाच्या शेवटी.

‘फेसेस’पासून पुढे तर संहिता असतेच. ‘फेसेस’ला मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकन होतं. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ आधी नाटक म्हणून लिहिलं होतं. जीना रोलंड्सने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते वाचलं आणि ही भूमिका रोज रात्री रंगमंचावर करणं आपल्याला झेपणार नाही असं स्पष्ट सांगितलं, म्हणून त्याचा सिनेमा झाला. ‘हजबंड्स’ची तऱ्हा मधली. पीटर फॉक आणि बेन गॅझारा या दोन नटांबरोबर तालमीत प्रसंग उत्स्फूर्तपणे करून बघायचे, त्यातून जे हाती लागेल ते घरी नेऊन लिहायचं आणि चित्रीकरणाला लिहिलेलं घेऊन यायचं.

मग पडद्यावर सगळं आयतं का वाटतं? कारण तो नटाला शब्द देत असे, जागा देत नसे. इतरत्र नटाने कुठे थांबायचं त्याची खूण जमिनीवर पट्टी चिकटवून केलेली असते. प्रकाश त्या खुणेवर बांधलेला असतो, फोकसचं अंतर टेपने मोजलेलं असतं. कॅसावेट्स ही खूण काढून टाकत असे आणि नट जाईल तिथे कॅमेऱ्याने जावं, अशी सक्ती कॅमेरामनवर करत असे. शिवाय पात्राच्या मनात काय चाललंय हे तो नटाला समजावून सांगत नसे. दोन नटांनी एकाच प्रसंगाचा वेगवेगळा अर्थ लावलेला असला तर ते त्याला हवंच असे.

‘अ वुमन…’मधला सकाळच्या स्पगेटीचा प्रसंग पुन्हा लावून बघा. निक (फॉक) रात्रपाळी संपवून आपल्याबरोबरच्या कामगारांची अख्खी टोळी घरी घेऊन येतो. त्याची बायको मेबल (रोलंड्स) त्यांच्यासाठी स्पगेटी रांधते आणि लांब टेबलाभोवती सगळे दाटीवाटीने बसतात. मेबल एकेकाला नाव विचारते. कुणीतरी ऑपेरातलं गाणं धरतो, तेव्हा ती गाणाऱ्याच्या तोंडाकडे लहान मुलासारखी टक लावून बघत राहते. मग ती एका संकोची कामगाराला नाचायला चल म्हणून मागे लागते. तो हसून टाळतो, इतरही हसतात, आणि निक एकदम ओरडतो. त्या ओरडण्यानंतर टेबलावर जी शांतता पसरते, काट्याचमच्यांचे आवाज पुन्हा सुरू व्हायला जो वेळ लागतो, तो बघा. वाक्यं लिहिलेली आहेत. कुणाची नजर कधी ताटात जाते, ते कुणी लिहिलेलं नाही.

प्रश्न : घर गहाण टाकून सिनेमे काढले ही दंतकथा की वस्तुस्थिती? पैशांचा हिशेब कसा होता?

वस्तुस्थिती आहे, पण घर गहाण पडलं ते बरंच नंतर. सुरुवात झाली रेडिओवरून. 1957 च्या जानेवारीत कॅसावेट्स आपल्या ‘एज ऑफ द सिटी’ या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी न्यूयॉर्कमधल्या जीन शेफर्डच्या रात्रीच्या कार्यक्रमात गेला. तिथे त्याने सिनेमाची जाहिरात करायची सोडून भलतंच केलं. याहून चांगला सिनेमा मी करू शकतो, लोकांना लोकांबद्दलचा सिनेमा बघायचा असेल तर त्यांनी पैसे पाठवावेत, असं तो बोलून गेला. श्रोत्यांनी खरोखर पाठवले, साधारण 2,000 डॉलर. ‘शॅडोज’ पूर्ण होईपर्यंत खर्च 40,000 च्या घरात गेला. उरलेली भर मित्रांकडून, उधारीतून आणि त्याच्या स्वतःच्या कमाईतून पडली. 1959 मध्ये त्याने ‘जॉनी स्टकाटो’ ही टीव्ही मालिका स्वीकारली, जॅझ पियानो वाजवणारा खासगी गुप्तहेर, एकूण 27 भाग. ती मुख्यतः हे देणं फेडायला होती.

पुढचं गणितही असंच. ‘फेसेस’ 1965 साली सहाएक महिने चित्रित झाला, स्वतःच्या राहत्या घरात आणि सासूबाईंच्या घरात. संकलन मात्र जवळपास तीन वर्षं रेंगाळलं, कारण पैसे संपले की कॅसावेट्स नटाचं काम घ्यायचा. ‘द डर्टी डझन’ (1967) आणि ‘रोझमेरीज बेबी’ (1968) या दोन भूमिका लोकांना आजही आठवतात. त्यांचं मानधन या संकलनात खर्ची पडलं. ‘डर्टी डझन’मधल्या व्हिक्टर फ्रँकोसाठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकनही मिळालं.

घर गहाण पडलं ते ‘अ वुमन…’च्या वेळी. खर्चाचा अंदाज 10 लाख डॉलरच्या आसपास होता. त्यातले 5 लाख पीटर फॉकने घातले. फॉकची ‘कोलंबो’ ही गुप्तहेराची टीव्ही मालिका तेव्हा जोरात होती, म्हणजे इथेही टीव्हीच्या पैशावरच सिनेमा उभा राहिला. बाकीचं घरावर. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅसावेट्स तेव्हा निवासी दिग्दर्शक होता, त्यामुळे तंत्रज्ञांमध्ये तिथले विद्यार्थी बरेच आले.

एक गोष्ट या हिशेबात नेहमी सुटते. सिनेमात सर्वांत महाग असतो तो वेळ, आणि त्याला तोच स्वस्त पडत असे. घर स्वतःचं, नट मित्र, मानधन नंतर नफ्यातून. त्यामुळे दिवसाचा खर्च इतका कमी असे की एकाच प्रसंगावर आठवडा घालवणं परवडे. स्टुडिओच्या भाड्याच्या सेटवर हीच पद्धत चार दिवसांत दिवाळं काढते.

प्रश्न : ‘शॅडोज’ दोन आहेत म्हणतात. आपण पाहतो तो कुठला?

दुसरा. पहिली आवृत्ती 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरमध्ये मध्यरात्री फुकट दाखवली. कॅसावेट्सच्या मते ती फसली होती, कॅमेऱ्याची कसरत फार आणि माणसं कमी. समीक्षक जोनास मेकस मात्र तिच्यावर बेहद्द खूश झाला आणि त्याच्या ‘फिल्म कल्चर’ मासिकाने स्वतंत्र चित्रपटासाठीचा आपला पहिला पुरस्कार तिला दिला. कॅसावेट्सने 1959 मध्ये नवा भाग चित्रित करून सिनेमा बदलला, तेव्हा हाच मेकस भडकला. त्याच्या मते नवी आवृत्ती बाजाराला शरण गेली होती. 1960 च्या व्हेनिस महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला तो या दुसऱ्या आवृत्तीला, आणि जगभर पोचली तीही हीच.

पहिली प्रत हरवली असं अनेक दशकं मानलं जात होतं. रे कार्नी या अभ्यासकाने ती सापडल्याचं जाहीर केलं आणि 2004 च्या जानेवारीत रॉटरडॅम महोत्सवात ती दाखवली गेली. हक्कांवरून रोलंड्सबरोबर वाद झाला, त्यामुळे सर्वसामान्य प्रेक्षकासाठी ती नाहीच म्हणायची.

उत्स्फूर्त संवादांची एक व्यावहारिक अडचण ‘शॅडोज’मध्ये उघडी पडली, तीही सांगण्यासारखी आहे. नट काय बोलले याची लेखी नोंद कुणी ठेवली नव्हती आणि ध्वनिमुद्रण खराब झालं होतं. संकलनाला बसल्यावर ओठ हलताना दिसतात, शब्द कळत नाहीत. शेवटी ओठांवरून बोलणं ओळखणारी माणसं आणावी लागली, असं कॅसावेट्स स्वतः सांगत असे. चित्रीकरणाच्या वेळी वही घेऊन एक माणूस कोपऱ्यात बसवला असता तर एवढा उपद्व्याप वाचला असता.

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण मिळून याच पद्धतीने 20 मिनिटांचा लघुपट करणार आहोत. एकच घर, तीन पात्रं, दोन कॅमेरे (एक मिररलेस, एक फोन). तालीम ते संकलन कसं आखावं? कुठे फसायला होतं?

तालमीला किमान चार आठवडे द्या, आठवड्याला तीन बैठका. पहिल्या आठवड्यात संवादांना हातच लावू नका. प्रत्येक नटाला फक्त त्याच्या पात्राची माहिती द्या, घरात काय हवं आहे, कुणापासून काय लपवलं आहे. दुसऱ्याची माहिती त्याला देऊ नका. दुसऱ्या आठवड्यात प्रसंग उत्स्फूर्तपणे करून बघा आणि प्रत्येक वेळी आवाज रेकॉर्ड करा. इथेच बहुतेक गट फसतात. दोन नट मोकळे सोडले की तीन मिनिटांत ते भांडायला लागतात, कारण प्रसंग संपवायची सर्वांत सोपी वाट म्हणजे आवाज चढवणं. त्यावर उपाय दोन. एक, हाताला काम द्या: भाजी चिरणं, बॅग भरणं, इस्त्री. हात गुंतले की माणूस अर्धवट वाक्यं बोलतो, मध्येच थांबतो, आणि तेच आपल्याला हवं असतं. दोन, तिसरं पात्र खोलीत आणा ज्याला भांडणाचा पत्ता नाही.

रेकॉर्ड केलेलं सगळं शब्दशः उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. 40 मिनिटांच्या बोलण्यातून वापरण्याजोगं पान-दीड पान निघालं तरी चांगलं. त्यावरून संहिता लिहा आणि चौथ्या आठवड्यात शब्द पक्के करा. चित्रीकरणाच्या दिवशी इम्प्रोव्हायझेशन करू असं म्हणणारे लोक दिवसाच्या शेवटी पाच तासांचं फुटेज आणि शून्य प्रसंग घेऊन घरी जातात.

प्रकाशाचा नियम असा की माणूस नव्हे, खोली उजळायची. दिवे छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवून परावर्तित प्रकाश घ्या, म्हणजे नट कुठेही गेला तरी फार फरक पडत नाही. याचा तोटा म्हणजे चेहरे सपाट दिसतात. खिडकीच्या बाजूचा दिवा थोडा जास्त, समोरचा कमी ठेवलात तर बराच भागतो. छतावर दिवा टांगू शकत असाल तर उत्तम, कारण स्टँड जमिनीवर असले की कॅमेरा वळला रे वळला की ते चौकटीत येतात.

फोकसचं दुखणं आधी कागदावर मोजून घ्या. ‘फेसेस’ 16 मिमीवर आहे, आणि त्यातले अनेक चेहरे लांबून, लांब लेन्सने टिपलेले आहेत. उदाहरण घ्या: 16 मिमी कॅमेरा, 75 मिमी लेन्स, माणूस 3 मीटरवर, लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) 2.8; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 13 सेंटिमीटरचा मिळतो. नटाने मान पुढे घातली तर तो पट्ट्यात राहतो, एक पाऊल टाकलं की गेला. छिद्र 5.6 केलं की पट्टा दुप्पट, 27 सेंटिमीटरपर्यंत, पण त्याला चौपट प्रकाश लागतो. तुमच्या मिररलेसचा सेन्सर 16 मिमीच्या चौकटीपेक्षा बराच मोठा असेल. नटाचा चेहरा तेवढाच मोठा दिसावा म्हणून सेन्सरच्या प्रमाणात आणखी लांब लेन्स लावाल, तेव्हा पट्टा आणखी अरुंद होईल. म्हणून 2 किंवा 1.8 वर जाऊन पार्श्वभूमी धूसर करण्याचा मोह टाळा. फोनचं उलट आहे, त्यात सगळंच स्पष्ट दिसतं. दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवले की फरक डोळ्यात खुपतो. फोन अख्ख्या खोलीच्या रुंद चौकटीसाठी ठेवा, चेहरे मिररलेसवर घ्या.

फोनची आणखी एक खोड आहे. बरेच फोन सेकंदाला चौकटींची संख्या कमीजास्त करत राहतात. सुरुवातीला आवाज जुळतो आणि दहा मिनिटांनी ओठ पुढे, शब्द मागे. ठरावीक फ्रेमरेट ठेवणारं अॅप वापरा, दोन्ही कॅमेरे 25 वर किंवा दोन्ही 24 वर. फिल्मच्या काळात हेच दुखणं रेकॉर्डरच्या वेगामुळे व्हायचं: वेगात एक टक्का फरक पडला तर 11 मिनिटांच्या रोलच्या शेवटी साडेसहा सेकंदांची तफावत. कानाला दोन चौकटींची चूक, म्हणजे सेकंदाचा बारावा भाग, कळते. तेव्हा प्रत्येक टेकला टाळी द्या, दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी. सुरुवातीला विसरलात तर शेवटी द्या, कॅमेरा बंद करायच्या आधी.

आवाजाबद्दल सर्वांत जास्त तक्रारी येतात. माइक तोंडापासून 60 ते 90 सेंटिमीटरवर ठेवायचा. तीन माणसं फिरत असतील तर एका बूमने, म्हणजे लांब दांडीवरच्या माइकने, निभत नाही; प्रत्येकाच्या कपड्यात छोटा माइक हवा आणि बूम वेगळा. कॅसावेट्स-पद्धतीत माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात. एकावर एक चढलेले आवाज नंतर नीट वेगळे काढता येत नाहीत. म्हणून चांगला टेक मिळाला की लगेच, नट त्याच भावनेत असताना, कॅमेरा बंद करून प्रत्येकाकडून तीच वाक्यं एकट्याने म्हणून घ्या. त्यानंतर 30 सेकंद सगळ्यांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, जोडकामात भोकं बुजवायला तो लागतो. फ्रिज बंद करायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. पुन्हा चालू करायला सगळे विसरतात. बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, विसरून जाताच येणार नाही.

चित्रीकरण शक्यतो कथेच्या क्रमाने करा. जागेच्या खुणा नसल्या की पेला कधी डाव्या हातात, कधी उजव्या. कॅसावेट्सने अशा विसंगती खुशाल राहू दिल्या आहेत. प्रेक्षक चेहऱ्यात गुंतला असेल तर त्याचं लक्ष पेल्याकडे जात नाही. चेहऱ्यात दम नसेल तर मात्र पेलाच दिसतो.

संकलनाला चित्रीकरणाच्या दिवसांच्या तिप्पट तरी वेळ ठेवा. दहा तासांचं फुटेज एकदा नुसतं बघायला दहा तास लागतात, हे साधं गणित उत्साहात सुटतं. ‘फेसेस’चा पहिला जोड सहा तासांच्या आसपास होता. 16 मिमी मिनिटाला 36 फूट जाते, म्हणजे जवळपास 13,000 फुटांची नुसती निवडलेली फिल्म. शेवटी राहिली 130 मिनिटं, 4,680 फूट. कापताना बोलणाऱ्याच्या ऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा धरून बघा. लांबी आपोआप उतरते, कारण अर्धी वाक्यं चौकटीबाहेर ऐकू येऊन भागतात आणि उरलेली नकोशी होतात.

प्रश्न : स्टुडिओंशी त्याचं का बिनसलं? स्वभाव की तत्त्व?

दोन्ही. ‘शॅडोज’नंतर पॅरामाउंटने ‘टू लेट ब्लूज’ (1961) दिला आणि तो ना धड स्टुडिओचा झाला ना त्याचा. खरी ठिणगी पडली ‘अ चाइल्ड इज वेटिंग’ला (1963). निर्माता स्टॅन्ली क्रेमर, कलाकार बर्ट लँकेस्टर आणि ज्युडी गार्लंड, विषय मतिमंद मुलांची संस्था. बहुतेक मुलं पोमोनाच्या सरकारी रुग्णालयातली खरी मुलं होती. क्रेमरने सिनेमा आपल्या पद्धतीने पुन्हा संकलित केला. कॅसावेट्सचा आक्षेप लांबीवर नव्हता, अर्थावर होता. क्रेमरचा सिनेमा म्हणतो की अशा मुलांची जागा संस्थेत आहे. कॅसावेट्सला म्हणायचं होतं की मुलं आपल्या जागी ठीक आहेत, घोटाळा मोठ्यांच्यात आहे. भांडण हातघाईवर आलं आणि काही काळ कॅसावेट्सला हॉलिवूडमध्ये दिग्दर्शनाचं काम मिळेना. ‘फेसेस’ घरात काढण्यामागे हे कारण होतंच. वाद ज्या सिनेमावरून झाला तो आज बघितला तर वाईट नाही, हेही नमूद करायला हवं. मुलांच्या प्रसंगांत कॅसावेट्सचा हात लगेच ओळखू येतो.

प्रश्न : वितरक न मिळताच ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ थिएटरांत कसा लागला?

फोन करकरून. वितरकांनी नकार दिल्यावर कॅसावेट्सने ‘फेसेस इंटरनॅशनल’ नावाने स्वतःच वितरण उघडलं आणि त्याची माणसं थेट थिएटरमालकांशी बोलून तारखा ठरवू लागली. 1974 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि तिथून हवा झाली. कॅसावेट्स आणि फॉक सिनेमा घेऊन महाविद्यालयांमधून फिरले, प्रेक्षकांशी बोलले. अभिनेता रिचर्ड ड्रायफस तर एका टीव्ही कार्यक्रमात फॉकच्या समोर म्हणाला की सिनेमा पाहून घरी गेलो आणि ओकलो. ही जाहिरात कुणी विकत घेतली नसती, पण लोक बघायला गेले. दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी दोन ऑस्कर नामांकनं मिळाली.

स्वतः वितरण करण्यातली मेख मात्र पुढे कळली. एखादा सिनेमा चालला तर पैसा थेट हातात येतो. पडला तर प्रती, जाहिरात, पोस्टर, सगळ्याचं नुकसान आपल्याच डोक्यावर, आणि थिएटरवाल्याला पुढच्या वेळी गळ घालायला दुसरा सिनेमा हातात नसतो. ‘ओपनिंग नाइट’चं हेच झालं. 1977 च्या नाताळात लॉस एंजेलिसमध्ये लागला आणि विरून गेला. बर्लिनला 1978 मध्ये रोलंड्सला त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं, तरी अमेरिकेत त्याचं रीतसर वितरण व्हायला 1991 उजाडलं. कॅसावेट्स तोवर जाऊन दोन वर्षं झाली होती.

प्रश्न : अमेरिकन स्वतंत्र सिनेमाचा जनक त्यालाच म्हणावं का?

जनक ही पदवी जरा सढळ हाताने दिली जाते. मॉरिस एंजेल आणि रूथ ऑर्किन यांनी ‘लिटल फ्युजिटिव्ह’ हा सिनेमा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर हातातल्या कॅमेऱ्याने, गर्दीत मिसळून केला आणि 1953 मध्ये व्हेनिसला रौप्य सिंह मिळवला. ‘शॅडोज’च्या चार वर्षं आधीची गोष्ट. कॅसावेट्सचं वेगळेपण असं की त्याने एक करून थांबण्याऐवजी आयुष्यभर करत राहायची सोय लावली. मार्टिन स्कोर्सेसीने ‘बॉक्सकार बर्था’ हा बाजारू सिनेमा केला तेव्हा, असले सिनेमे करण्यात वर्षं घालवू नकोस, स्वतःचं काहीतरी कर, असं त्याला झापणारा कॅसावेट्सच होता. त्यानंतर ‘मीन स्ट्रीट्स’ आला.

प्रश्न : नट म्हणून त्याची कुठली कामं बघावीत?

‘रोझमेरीज बेबी’मधला नवरा, कारण लबाडी इतकी गोड कुणी केलेली नाही. डॉन सीगलच्या ‘द किलर्स’मधला (1964) शर्यतीचा ड्रायव्हर. कोलंबोच्या मालिकेत 1972 चा ‘एट्यूड इन ब्लॅक’ हा भाग आहे, त्यात तो ऑर्केस्ट्राचा संचालक आणि खुनी. फॉक आणि तो एकमेकांची मजा घेत काम करताना दिसतात. आणि इलेन मेचा ‘मायकी अँड निकी’ (1976), त्यातही हीच जोडी. दिग्दर्शिका कॅमेरे चालूच ठेवत असे. नट चौकटीतून निघून गेले तरी बंद करायचे नाहीत, न जाणो परत येतील, असा तिचा हट्ट होता. मोकळं सोडण्यात ती कॅसावेट्सच्याही एक पाऊल पुढे होती.

प्रश्न : ‘लव्ह स्ट्रीम्स’ हा त्याचा शेवटचा सिनेमा का मानतात? त्यानंतरही एक आहे ना?

आहे, ‘बिग ट्रबल’ (1986). पण तो दुसऱ्याने सुरू केलेला सिनेमा होता, मधूनच हाती घेतलेला, आणि कॅसावेट्सला तो आपला वाटत नसे. ‘लव्ह स्ट्रीम्स’ (1984) टेड अॅलनच्या नाटकावरून, कॅनन कंपनीच्या पैशाने, पुन्हा त्याच राहत्या घरात केला. मुख्य भूमिका जॉन व्हॉइट करणार होता. तो ऐन वेळी गळाला आणि कॅसावेट्स स्वतः उभा राहिला. यकृताचा आजार तोवर बळावलेला होता. पडद्यावर पोट फुगलेलं आणि चेहरा ओढलेला दिसतो, तो रंगभूषेचा भाग नाही. बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं. 3 फेब्रुवारी 1989 रोजी यकृताच्या सिरॉसिसने तो गेला, वयाच्या 59 व्या वर्षी. अप्रकाशित पटकथा बऱ्याच मागे राहिल्या. त्यातल्या एकीवरून मुलगा निकने 1997 मध्ये ‘शीज सो लव्हली’ केला.

प्रश्न : ‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’ दोन वेगवेगळ्या लांबीचा मिळतो. कुठला घ्यावा?

1976 चा 135 मिनिटांचा, 1978 चा 108 मिनिटांचा. पहिला पडला आणि लगेच उतरवला गेला, म्हणून कॅसावेट्सने स्वतःच दुसरा बांधला. दुसरा म्हणजे पहिल्याची कापलेली प्रत नव्हे. प्रसंगांचा क्रम बदललेला आहे आणि पहिल्यात नसलेले काही तुकडेही त्यात आहेत. गुन्हेकथा म्हणून बघायचा असेल तर छोटा सरळ चालतो. पण कॉस्मो व्हिटेली या नायकाचा तो कळकट नाइटक्लब, तिथले फसलेले नाच आणि प्रेक्षकांची हुर्यो सहन करत गाणं म्हणणारा निवेदक, यांना पुरेसा अवकाश मोठ्यातच मिळतो, आणि कॉस्मो माणूस मारायला का तयार होतो ते त्या क्लबमध्ये बसल्याशिवाय पटत नाही. आधी मोठा बघा. घेताना वेष्टनावरची मिनिटं तपासा, नाव दोघांचं एकच आहे.